उस्ताद पुन्हा शागीर्द

फौजी माणसाला बदलाची सवय असते, असं सिव्हिलमधल्या मित्रांना वाटतं. दर दोन-तीन वर्षांनी पोस्टिंग, काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगाने नवा पत्ता, मुलांना नवी शाळा, कधी वाळू, कधी बर्फ. ते खरंच आहे. नोकरीच्या २२ वर्षांत आमच्या घरातल्या पडद्यांनी इतक्या मापांच्या खिडक्या पाहिल्या की आता एकही पडदा कुठल्याच खिडकीला नीट बसत नाही.

पण हा सगळा बदल जागेचा. राजस्थान असो की लडाख, सकाळचा फॉल-इन तोच, हत्यार तेच, आणि कोणाला किती येतं याची उतरंडही तीच. सुभेदार साहेबांना सगळ्यांत जास्त, हवालदाराला त्याहून थोडं कमी, नव्या जवानाला काहीच नाही. काम बदलतं तेव्हा ही उतरंडच उलटी होते. ट्रंक उचलण्यापेक्षा ते कितीतरी जड जातं.

गेली तीन-चार वर्षं आम्ही ते रोज पाहतो आहोत. युक्रेनच्या युद्धाने दाखवून दिलं की रणगाड्याच्या किमतीपुढे अगदीच किरकोळ असलेला ड्रोन त्याच रणगाड्याला निकामी करू शकतो. २६ जुलै २०२५ रोजी, कारगिल विजय दिवशी, लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी द्रासला इन्फंट्री बटालियनमधल्या ड्रोन प्लाटूनबद्दल जाहीरपणे सांगितलं. घोषणा वरून होते. ती खाली पोहोचते तेव्हा तिला माणसाचा चेहरा मिळतो.

मी मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचा. बटालियनची कमान माझ्याकडे होती तेव्हाचा एक चेहरा सांगतो. बीएमपीचा गनर, हवालदार, १७ वर्षांची सर्व्हिस. तीस मिलिमीटरच्या तोफेवर त्याचा हात असा की महाजन रेंजवर त्याचं फायरिंग बघायला दुसऱ्या कंपनीतली पोरं यायची. ड्रोनच्या कोर्ससाठी नावं मागवली, तेव्हा याने पाठदुखीचं कारण सांगितलं. दुसऱ्यांदा मागवली, तेव्हा रजेचा अर्ज आला. शेवटी सुभेदार मेजर साहेबांनी त्याला चहाला बसवून खरं काय ते काढून घेतलं. “साहब, सिखानेवाला लड़का मेरे सेक्शन का है. कल तक उसे मैं रगड़ा लगाता था.” एवढंच. यंत्राची भीती नव्हती. समोर नायब सुभेदारीचं प्रमोशन होतं, गावाकडे घराचं कर्ज होतं. कोर्स चुकवला तर दोन्ही अडकणार, हे त्यालाही कळत होतं. तरीही पाय उचलत नव्हता.

‘बदल स्वीकारा, प्रगती होईल’ असं सांगणाऱ्यांचा मला थोडा राग येतो तो इथे. सांगणारा बहुतेक वेळा असा असतो ज्याचं त्या बदलात काहीच जात नाही. वातानुकूलित खोलीत स्लाइड दाखवणाऱ्या अधिकाऱ्याला कोणी शागीर्द करत नाही. आपल्याकडे कामावरचं शहाणपण म्हणजेच इज्जत. ते एका दुपारी शून्यावर आणायचं आणि वर माणसाने हसत टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा ठेवायची, याला मी नेतृत्व म्हणणार नाही.

सुभेदार मेजर साहेबांनी तोड काढली. पोरगा उडवायला शिकवेल, हवालदार बघायला शिकवेल. कारण पोराला ड्रोन छान उडवता यायचा, पण पडद्यावरची जमीन वाचता येत नव्हती. बाभळीच्या कोणत्या सावलीत गाडी लपलेली असेल, वाळूतला चाकोरीचा ठसा आजचा की कालचा, टिब्ब्याच्या कोणत्या बाजूला शत्रू तोफ लावेल, हे १७ वर्षं गनसाइटला डोळा लावलेल्या माणसाला एका नजरेत कळायचं. पहिल्या आठवड्यात दोघं एकमेकांशी फारसं बोलले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात भांडायला लागले, तेव्हा मला बरं वाटलं. हवालदार पहिल्या परीक्षेत नापास झाला, दुसऱ्या वेळी पास. उडवण्यात तो आजही मध्यमच आहे. पण त्याच्या शेऱ्यात जे लिहायचं होतं ते मला मनापासून लिहिता आलं.

सगळ्यांचं असं झालं नाही. त्याच्याच बरोबरीचा एक जण शेवटपर्यंत बसला नाही आणि पेन्शनवर घरी गेला. तो वाईट सैनिक मुळीच नव्हता. चाळिशीच्या आत-बाहेर पेन्शन घेऊन गावी जाणाऱ्या जवानाला पुढे वीस वर्षं दुसरं काहीतरी करून कमवावं लागतं, आणि तिथेही शिकवणारा बहुधा वयाने लहानच भेटतो. त्याची मला काळजी वाटते.

माझ्या वाचकांत निवृत्त मंडळी बरीच आहेत, आणि ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारे त्यांचे फोन मला येतात. त्यांना आदराने विचारतो, तुमच्या वेळी तरी काय स्थिर होतं? १९७९ साली मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट उभी राहिली, ती नव्या भरतीतून नाही, तर वेगवेगळ्या रेजिमेंटच्या जुन्या, नावाजलेल्या बटालियन घेऊन. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरलेली पहिली शीख त्यात होती. मेजर धनसिंग थापांची पहिली आठवी गोरखा त्यात होती. डोंगर पायांनी तुडवणाऱ्या माणसांना चिलखती गाडीत बसवायचं, हे घडवण्यात मोठा हात जनरल सुंदरजींचा. ते स्वतः महार रेजिमेंटचे, म्हणजे पायदळाचेच. पण त्या बटालियनांची ओळख पुसली नाही. आजही फोर मेकच्या पुढे कंसात पहिली शीख लिहितात. गाडी नवी, नाव वाडवडिलांचं.

आपल्या नगरला, आताच्या अहिल्यानगरला, आमचं सेंटर आहे आणि आर्मर्ड कोअरचंही. तिथे रणगाड्यात बसणाऱ्या जवानाला अजून ‘सवार’ म्हणतात, हवालदाराला ‘दफेदार’, सुभेदाराला ‘रिसालदार’. हिंदी घोडदळाचे घोडे १९३८ पासून जायला लागले. हुद्द्यांची नावं कोणी काढून घेतली नाहीत. कोणी म्हणेल, हा नुसता नावाचा सोस. मला तसं वाटत नाही. घोडा सोडून आलेल्या माणसाला स्वतःचं म्हणून धरायला काहीतरी लागतं, ते त्याला ठेवू दिलं, म्हणून तो नवं यंत्र हातात घ्यायला तयार झाला असावा.

म्हणून हाताखाली माणसं असलेल्या प्रत्येकाकडे माझं मागणं एकच आहे. नवं काम देताना त्या माणसाला जुन्या कामातलं काय येतं ते आधी लिहून काढा, आणि नव्या कामात त्याची जागा त्यावरून ठरवा. आणि स्वतः वर्गात बसा, मागच्या खुर्चीवर नाही, पुढच्या.

पुढच्या महिन्यात मलाही एका कोर्सला जायचं आहे. शिकवणारा कॅप्टन २००० साली जन्मलेला आहे. मी त्याच वर्षी खडकवासल्याला एनडीएत दाखल झालो. त्याने फोनवर तीनदा ‘सर’ म्हणून झाल्यावर चाचरत विचारलं, गृहपाठ तपासताना लाल शाई वापरली तर चालेल का?