संगणकाशी गप्पा : मोकळी जागा, मोठा घोटाळा

समजा उमरेडच्या एका मुलीच्या लिनक्स संगणकावर दोन फोल्डर आहेत. ‘उमरेड’मध्ये तिचा कोळसा खाणीवरचा शाळेचा प्रकल्प. ‘उमरेड सहल’मध्ये कऱ्हांडला अभयारण्यातले हललेले, धूसर फोटो. ते फोटो तिला नकोत. फोल्डर काढून टाकणारी ‘पुसा’ नावाची छोटी स्क्रिप्ट तिच्याकडे आहे. ती टाइप करते: पुसा उमरेड सहल.

फोटो जिथल्या तिथे आणि प्रकल्प गायब! तोही कचरापेटीत नाही, कायमचा.

असं का झालं? आपली ओळ आधी ‘शेल’ वाचतो. (शिंपला नव्हे हं, आज्ञा वाचणारा प्रोग्राम!) मोकळी जागा दिसली की तो ओळ तोडतो. स्क्रिप्टला मिळाले दोन पत्ते : ‘उमरेड’ आणि ‘सहल’. पहिला सापडला, पुसला गेला. दुसरा नव्हताच.

उपाय सोपा. पत्ता अवतरणचिन्हांत घाला: पुसा "उमरेड सहल". आता शेल त्याला एकच मानतो.

पण थांबा, अर्धंच काम झालंय! स्क्रिप्टच्या आत हा पत्ता डॉलरचं चिन्ह आणि एकचा आकडा अशा नावानं येतो. तिथे अवतरणचिन्हं नसली, तर तो आत गेल्यावर पुन्हा तुटतो. आणि तिथे दुहेरीच चिन्हं हवीत बरं का. एकेरीत डॉलर नुसता डॉलरच राहतो, पत्ता उलगडत नाही.

मोठ्यांनाही हे चकवतं. नोव्हेंबर २००१ मध्ये अ‍ॅपल कंपनीनं मॅक संगणकांसाठी ‘आयट्यून्स २’ दिलं. जुनी आवृत्ती काढणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पत्त्याभोवतीची अवतरणचिन्हं राहून गेली होती. ज्यांच्या डिस्कच्या नावात मोकळी जागा होती, त्यांच्यापैकी काहींची अख्खी डिस्क पुसली गेली. कंपनीनं ते घाईघाईनं मागे घेऊन दुरुस्त आवृत्ती दिली. इतकी मोठी कंपनी, आणि अडली दोन चिन्हांशी!

पुसण्याची आज्ञा चालवण्याआधी तिच्या जागी ‘एको’ ही आज्ञा लिहून बघा. ती काहीच पुसत नाही, मिळालेले शब्द फक्त पडद्यावर छापते. प्रत्येक पत्ता वेगळ्या ओळीवर छापलात, तर कुठे तुटला ते लगेच कळतं.

आणखी एक गंमत. फायलीचं नाव आडव्या रेघेनं सुरू झालं, जसं ‘-वाघ’, तर आज्ञेला ती फाईल न वाटता सूचना वाटते. इथे अवतरणचिन्हंही कामाची नाहीत. नावाआधी टिंब आणि तिरपी रेघ द्या: ./-वाघ. म्हणजे ‘याच फोल्डरमधला वाघ’!