नेपाळची सीमा बंद करणे हा उपाय नव्हे

'नेपाळची सीमा बंद करा' हे पत्र वाचून वाईट वाटले. १९५०च्या भारत-नेपाळ मैत्री कराराच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांकडे राहण्याचा, व्यापाराचा, मालमत्तेचा हक्क दिला. आपली माणसेही तिकडे पोटापाण्यासाठी जातातच. आमच्या रत्नागिरीत हापूसच्या कितीतरी बागा नेपाळी गड्यांच्या जिवावर उभ्या आहेत. मोहोरापासून आंबा उतरेपर्यंत ते बागेतल्या खोपटात राहतात. दिवसा वानर हाकतात, रात्री बॅटरी घेऊन राखण करतात. त्यांच्याकडून चोरीची भीती असेल तर ओळखपत्र तपासा, पोलिसांत नोंद करा. पण गोरखा रेजिमेंटमधून आपल्यासाठी रक्त सांडणाऱ्यांच्या भावंडांना दार लावू नका.
– एक आंबा बागायतदार, रत्नागिरी