दात्याची मर्जी आणि सरकारची जबाबदारी

अपंग विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा भार सरकारी खजिन्यावर टाकणे हा समाजाच्या दातृत्वाचा अपमान होय, असा सिद्धान्त गोरेगावातील एका बहुश्रुत गृहस्थांनी अलीकडेच एका सभेत मांडला आणि त्यावर टाळ्याही मिळविल्या. सरकारी साहाय्याने परावलंबित्व बळावते, परीक्षेतील सवलतींनी गुणवत्ता बुडते, खोटे दाखले पैदा करणारेच सारा लाभ लाटतात, सबब हे कार्य धर्मादाय संस्थांकडे सोपवून सरकारने बाजूला व्हावे, असा त्यांचा एकूण आशय.

परावलंबित्वाचे म्हणाल, तर या गृहस्थांची स्वतःची पदवी अनुदानित महाविद्यालयातली आहे, आणि तिने त्यांचा कणा मोडल्याचे दिसत नाही. खोट्या शिधापत्रिका निघतात म्हणून शिधावाटपच बंद करा, असे ते म्हणत नाहीत. गुणवत्तेविषयी इतकेच, की लेखनिकाला उत्तर सांगावे, त्याने लिहिलेले वाचवून घ्यावे आणि चुकले ते दुरुस्त करवावे, एवढ्या खटाटोपासाठी तासामागे वीस मिनिटे जादा मिळाली, तर ज्यांची गुणवत्ता धोक्यात येते त्यांनी तिची काळजी आधीच करावयास हवी होती.

परंतु दातृत्वाचा मुद्दा इतक्या स्वस्तात सोडता येत नाही. गृहस्थांनी इतिहासाचा हवाला दिला: मुंबईत मूकबधिरांची शाळा 1885 साली आणि दादरची अंधांची शाळा 1900 साली निघाली, ती मिशनऱ्यांच्या पुढाकाराने, सरकारच्या हुकमाने नव्हे. खरे आहे, आणि त्या माणसांपुढे आपण नतमस्तक व्हावे. पण त्यानंतर शतक उलटूनही, 2011 च्या जनगणनेत पाच ते एकोणीस वयाच्या अपंग मुलांपैकी शेकडा सत्तावीस मुलांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते, हा त्या इतिहासाचा उत्तरार्ध त्यांनी सोयीस्करपणे गाळला. सरकारही तोवर पेंगतच होते, असे ते म्हणतील, म्हणोत. पेंगणाऱ्या सरकारला कायद्याचे कलम दाखवून जाब विचारता येतो. दात्याला कोणत्या कलमाखाली विचारावयाचा?

दात्याचे औदार्य दात्याच्या पंचांगाने चालते. 3 डिसेंबरला, जागतिक अपंगदिनी, मंडप पडतो, तीनचाकी सायकली वाटल्या जातात, आसनावरचे प्लास्टिक न काढताच छायाचित्रे निघतात आणि पाठीमागे दात्याचे नाव तांबड्या रंगात झळकते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा हीच सायकल गोरेगाव पश्चिमेच्या एका चाळीत कठड्याला साखळीने बांधलेली असते. कारण दाराशी तीन पायऱ्या, पुढे उघडे गटार आणि त्यापुढे उखडलेले पेव्हर ब्लॉक. सायकल दात्याची, रस्ता मात्र पालिकेचा! श्रवणयंत्राचेही तसेच. मूल वाढते तसा कानही वाढतो, साचा नवा करावा लागतो, बॅटरी संपते. समारंभ तर एकदाच झालेला असतो. वांद्र्याची, कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था केंद्र सरकारने 1983 मध्ये स्थापिली, ती असे काम वर्षाचे बारा महिने चालावे म्हणूनच. शिवाय ज्या विशेष शाळांना गृहस्थ धर्मादाय म्हणून गौरवितात, त्यांपैकी अनेकींच्या शिक्षकांचे पगार शासकीय अनुदानातूनच निघतात.

हा वाद गोरेगावला नवा नाही. नळाच्या पाण्यासाठी येथल्या स्त्रिया हंडे घेऊन मोर्चे काढीत, तेव्हाही काही शहाण्यांना परोपकारी शेजाऱ्याची विहीर पुरेशी वाटे. शेजाऱ्याने झाकण लावले की काय करावयाचे, याचे उत्तर त्यांच्यापाशी तेव्हा नव्हते आणि त्यांच्या वारसांपाशी आजही नाही.

मग सरकारने करावे तरी काय? नवे फारसे नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एकवीस प्रकारची अपंगत्वे मानली. त्याच्या 31 व्या कलमाने लक्षणीय, म्हणजे निदान चाळीस टक्के, अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा, जवळची शाळा वा विशेष शाळा आपल्या पसंतीने निवडण्यासह, हक्क दिला. आणि 32 व्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत निदान पाच टक्के जागा राखल्या. उणीव आहे ती अंमलाची आणि पैशाची. समग्र शिक्षा योजनेत अशा मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांपर्यंत तरतूद आहे, म्हणजे महिन्याला तीनशेही नाहीत. गोरेगाव स्थानकावरून शाळेपर्यंत रिक्षाने जा-ये करावयाची तर तेवढी रक्कम जेमतेम आठवडा निभावील! ती वाढवावी. पालिकेच्या पी दक्षिण विभागाने आपल्या हद्दीतील अशा मुलांची यादी शाळा उघडण्यापूर्वी करावी, त्यांच्या घरापासून शाळेपर्यंतचा पदपथ पावसाळ्याआधी दुरुस्त करावा, आणि ज्यांना पदपथही उपयोगाचा नाही त्यांच्यासाठी सकाळी सातला गाडी दाराशी उभी करावी.