कोरी सही आणि शंभर सीसी

जुनी मोटारसायकल घेणाऱ्या माणसाला सल्ला देण्याचा मूलभूत हक्क घटनेने प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे, अशी आमच्या ताथवड्यात ठाम समजूत आहे. नवी गाडी घेतली की लोक पेढे मागतात. जुनी घेतली की कारण विचारतात. "बघा हं, इंजिनकाम निघेल!" हे वाक्य तर, ज्याने जन्मात कधी इंजिनाचे झाकण उघडून पाहिलेले नाही असा गृहस्थसुद्धा मयताला आल्यासारखा चेहरा करून ऐकवतो.

मी मोटारसायकलचा तज्ज्ञ नव्हे. गेली वीस वर्षे मी एका बँकेत कारकून आहे. लोकांच्या सह्या ताडून बघणे आणि अंकी रक्कम अक्षरीशी जुळते की नाही ते पाहणे, हा माझा धंदा. पण चाळिशी उलटल्यावर, म्हणजे इतर लोक गुडघ्याचे तेल शोधू लागतात त्या वयात, मी सात वर्षे वापरलेली शंभर सीसीची मोटारसायकल घेतली, तिच्यावरच शिकलो, तीन वर्षे चालवली आणि रीतसर विकली. एवढ्या भांडवलावर मी दोन विधाने छातीठोकपणे करणार आहे. पहिले असे की नवशिक्याने जुनी आणि छोटीच मोटारसायकल घ्यावी. दुसरे असे की या व्यवहारात माणसाला गाडी बुडवत नाही, सही बुडवते. कोऱ्या फॉर्मवर, तारीख न घालता केलेली सही! लोक नेमके उलटे वागतात. गाडीला घाबरतात आणि सही मात्र वर्गणीच्या पावतीवर करावी तशी ठोकून देतात. माझे भांडण आहे ते इथे.

आधी पहिल्या विधानाचा हिशेब चुकता करतो. बी. कॉम.ला आम्हाला घसारा नावाचा विषय होता. त्याचा आयुष्यात काही उपयोग होईल असे तो शिकवणाऱ्या सरांनाही वाटत नसावे. पण विमा कंपन्यांचा तक्ता पाहा. गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत किमतीतले ५ टक्के गेले, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, आणि पाचवे वर्ष संपता संपता ५० टक्के. म्हणजे निम्मी किंमत पहिला मालक नुसती हवेत सोडतो. आता हा सोडण्याचा मान नवशिक्याने दुसऱ्याला दिला तर त्यात कमीपणा कसला? मी गाडी २४,००० रुपयांना घेतली आणि १७,५०० ला विकली. घसारा ६,५०० रुपये, भागिले छत्तीस महिने. महिन्याला एकशेऐंशी रुपये! एवढ्यात आमच्याकडे दोन माणसांचा धड नाश्तासुद्धा होत नाही.

शिवाय शिकणारा माणूस पडतो. हायवेच्या सर्व्हिस रोडवर, पुनावळ्याच्या भुयारी मार्गाच्या तोंडाशी क्लच एकदम सुटला की पडल्यावाचून गत्यंतरच नसते. नवी गाडी घेऊन पडलेला माणूस उठल्यावर आधी पेट्रोलच्या टाकीकडे बघतो आणि मग गुडघ्याकडे. जुनी घेऊन पडलेला आधी गुडघ्याकडे बघतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हाच क्रम योग्य आहे.

राहता राहिली प्रतिष्ठा. ज्यांना जुन्या गाडीची लाज वाटते त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. आकुर्डीला बजाजची चेतक बनू लागली ती १९७२ मध्ये. त्या दशकात आणि पुढच्याही दशकात नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुलगी दाखवायला सुरुवात करताना स्कूटर बुक करावी, म्हणजे नातवाच्या बारशाला तरी मिळे! त्या काळात वापरलेली स्कूटर कारखान्याच्या किमतीपेक्षा जास्त भावाने विकली जायची. ज्या पंचक्रोशीत जुनी गाडी नवीपेक्षा महाग होती, तिथे आज नाक मुरडणारे हे कोण टिकोजीराव?

गाडी बघायची कशी, याचे शास्त्र मी चाकणच्या जनावरांच्या बाजाराकडून उचलले. तिथे शेतकरी बैलाचा रंग नंतर बघतो, आधी दात बघतो. मोटारसायकलचे दात म्हणजे मागचा स्प्रॉकेट. ते सुईसारखे अणकुचीदार झाले असतील तर चेनसेटचा खर्च आपल्या डोक्यावर. दुसरे, गेल्या गेल्या इंजिनाला हात लावावा. ते गार असले पाहिजे. "तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवली होती," असे मालक म्हणाला, तर समजावे की गार असताना ती चालू होत नाही. धूर निळसर आला तर रिंगा गेल्या, ऑइल जळते आहे. हँडल दोन्ही बाजूंना वळवून बघावे. मध्येच खाचेत अडकल्यासारखे झाले तर कोनसेट गेला. आणि चॅसिस नंबर आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून बघावा. हे काम कारकुनालाच जमते. मेकॅनिक बरोबर न्यावा हे बरे, पण तो विकणाऱ्याचा मावसभाऊ नसावा.

देखभालीबद्दल लोक उगाच बाऊ करतात. शंभर सीसीच्या गाडीत जेमतेम लिटरभर ऑइल मावते. ते वेळच्या वेळी, दर अडीच-तीन हजार किलोमीटरला बदलले, चेनला वंगण दिले, तिचा सैलपणा दोन-अडीच सेंटिमीटरच्या आसपास ठेवला, हवा तपासली आणि एअर फिल्टर साफ केला, की बाकी गाडी स्वतःचे स्वतः बघते. माणसाच्या मानाने तिच्या अपेक्षा फारच माफक आहेत. गाडी "अॅव्हरेज किती देते?" असे विचारणारा कुणी "ऑइल कधी बदललंत?" असे विचारताना मी ऐकला नाही. आपल्याकडे घेण्याची चौकशी होते, देण्याची होत नाही.

आता मुख्य खटल्याकडे वळू.

ताथवडे २००९ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले, पण मोटारसायकलींच्या दृष्टीने ते त्याआधीच अखिल महाराष्ट्राचे झाले होते. कॉलेजांच्या गेटाबाहेर उभे राहून नंबरप्लेटा वाचाव्यात. एमएच-२४ लातूर, एमएच-१९ जळगाव, एमएच-१३ सोलापूर, एमएच-२६ नांदेड. भूगोलाचा तास फुकट! जुलै-ऑगस्टात नवी पोरे येतात आणि गाडी शोधतात. मे-जूनमध्ये शेवटच्या वर्षाची पोरे जातात आणि गाडी खपवतात. एकेक मोटारसायकल चार-चार, पाच-पाच इंजिनीअर घडवते. पण आरसी बुकावर नाव राहते ते पहिल्याच मालकाचे. तो बिचारा आपल्या गावी बसून, दर दोन महिन्यांनी हिंजवडीच्या सिग्नलवर आपण कसे काय पकडले गेलो, असा मोबाइलवरच्या चलनाकडे बघत विचार करतो.

आमच्याच गावात सरकारचे वळू माता प्रक्षेत्र आहे. तिथल्या वळूची आई कोण, बाप कोण, याची व्यवस्थित नोंद असते. वळूचा बाप सांगता येतो आणि गेटाबाहेरच्या मोटारसायकलचा मालक सांगता येत नाही, ही काय रीत झाली? इथला शेतकरी अर्धा गुंठा विकतानासुद्धा सातबारा, फेरफार, सर्च रिपोर्ट असे कागद चाळून चाळून वकिलाला घाम फोडतो. तोच शेतकरी पोराची मोटारसायकल विकताना मात्र टाकीवर फॉर्म ठेवून तीन सह्या करतो आणि चहा घेऊन घरी जातो.

मी गाडी विकायला काढली तेव्हा एक एजंट आले. भाव ठरला. त्यांनी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० माझ्यापुढे सरकवले.

"साहेब, इथं, इथं आणि इथं. तारीख राहू द्या."

"घेणाऱ्याचं नाव?"

"ते आम्ही भरतो हो."

"कुणाचं भरता?"

"गिऱ्हाईक मिळंल त्याचं!"

मी म्हटले, "उद्या आमच्या बँकेत कुणी कोऱ्या चेकवर सही करून 'गिऱ्हाईक मिळेल त्याचं नाव टाका' म्हणाला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?"

ते हसले. "साहेब, चेकची गोष्ट वेगळी. त्यात पैसे असतात."

या एका वाक्यात सगळा रोग आहे. अहो, कोरा चेक फार तर खात्यातली शिल्लक नेईल, आणि शिल्लक नसली तर नुसता परत जाईल. या फॉर्मच्या मागे येणाऱ्या जबाबदारीला शिल्लकेची मर्यादाच नाही! मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम २(३०) प्रमाणे मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंद आहे तो. २००७ मध्ये एका माणसाने वाहन विकले. ते पुढे हस्ते-परहस्ते तिसऱ्या-चौथ्याकडे गेले. २००९ मध्ये त्याने अपघात झाला आणि एका मुलाचा जीव गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोंद पहिल्याच्याच नावावर आहे, तेव्हा भरपाईची जबाबदारीही त्याचीच. मेलेल्या पोराच्या आईबापांनी कोऱ्या फॉर्मचा माग काढत दारोदार फिरायचे काय, असा त्यामागचा सरळ विचार आहे, आणि तो बरोबर आहे. विमा चालू असला तर निदान कंपनी उभी राहते. पण पाचव्या हाताच्या पोराने विमा भरला असेल, असे मानायला फार भाविक मन लागते.

यावर तीन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला, "सगळे असंच करतात." सगळे करतात म्हणून तर गेटाबाहेरच्या निम्म्या गाड्या बेवारस वाटतात. दुसरा, "वेळ जातो." मला दोन अर्ध्या दिवसांच्या रजा लागल्या. कोर्टाच्या तारखांना किती लागतात ते ज्याचे त्याने विचारून घ्यावे. तिसरा आक्षेप सर्वांत गोड: "विश्वास आहे हो!" विश्वास कुणावर? आपण बघितलेला माणूस पहिला. फॉर्मवर नाव पडणार आहे चौथ्याचे, तेही पडले तर. ज्याचा चेहरा पाहिला नाही त्याच्यावर विश्वास ठेवायला तो काय कुलदैवत आहे?

आणि घेणाऱ्यानेही हुरळून जाऊ नये. नाव आपले नसेल तर चोरीचा क्लेमही आपला नाही. मूळ मालक मध्यंतरी वारला, तर त्याने हयातीत केलेली सही उपयोगाची नाही. मग वारसांना शोधा आणि फॉर्म ३१ भरा. गाडीवर कर्ज असेल तर आणखी मौज. हप्ते फिटले म्हणजे सुटलो, असे समजून लोक बँकेकडे पाठ फिरवतात. आरसी बुकावरचा बँकेचा बोजा फॉर्म ३५ दिल्यावाचून उतरत नाही. माझ्या खिडकीशी माणसे येतात ती गाडी विकताना अडल्यावर, शेवटचा हप्ता भरून सहा वर्षे झाल्यावर. त्यांचा राग माझ्यावर असतो.

म्हणून रीत अशी असावी. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवायचे, घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत. हे कायद्यातच आहे. फॉर्मवर घेणाऱ्याचे नाव आणि तारीख असल्यावाचून सही करायची नाही. गाडी दिल्याची पावती करायची, तीत तारीखच नव्हे तर वेळही घालायची, कारण संध्याकाळी सहाला झालेला अपघात दुपारी चारला विकलेल्या गाडीचा असू शकतो. पुढे नोंद बदलली की नाही ते परिवहन खात्याच्या वेबसाइटवर स्वतः बघायचे. व्यापाऱ्याला गाडी द्यायची तर त्याच्याकडे अधिकारपत्र आहे का ते विचारायचे. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये तसे नियम केले, आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहेत. त्याने गाडी ताब्यात घेतल्याचे रीतसर कळवले की पुढची जबाबदारी त्याची. आमच्या एजंटांना मी हे विचारले, तेव्हा त्यांना एकाएकी दुसरीकडे काम निघाले. मग चाकणच्या कारखान्यात नव्याने लागलेल्या एका मुलाला गाडी दिली. दोघांनी मिळून अर्ज केला, आणि तीन आठवड्यांत पुस्तकात त्याचे नाव लागले.

जाणारा प्रत्येक विद्यार्थी आणि त्याचा बाप एवढे करील, तर जुनी मोटारसायकल ही या देशातली सर्वांत इमानदार वस्तू ठरेल. तिच्यात लपवण्यासारखे काही नसते. जे बिघडले ते खडखड करून सांगते. लपवतो तो कोरा कागद. आपल्या पश्चात आपले नाव मागे राहावे, अशी इच्छा प्रत्येकालाच असते, आणि ती असावीही. फक्त ते आरसी बुकात राहू नये.