मैदान सर्वांचे केव्हा होते?

गोल्फ म्हटले की क्लबची कमान आणि सदस्यांची यादी डोळ्यांपुढे येते. सिडकोने विकसित केलेल्या खारघरच्या मैदानावर सदस्यत्वाशिवाय, शुल्क भरून खेळता येते, म्हणून ते सार्वजनिक म्हणायचे. पण दार उघडल्याने मैदान सर्वांचे होते, हे अर्धसत्य आहे. शुल्काचा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवला, तरी आत आलेल्या नवख्याला मैदानाची आखणी सामावून घेते का, हे पाहावेच लागते.

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे ‘ओल्ड कोर्स’ हे सार्वजनिक मैदान आहे. रविवारी तेथे सहसा खेळ बंद असतो आणि गावकरी हिरवळीवर फिरतात. तेथील फेअरवे, म्हणजे चेंडू पुढे नेण्याचे हिरवळीचे पट्टे, विलक्षण रुंद आहेत. नवखा खेळाडू वाळूच्या खड्ड्यांना वळसा घालतो, एखादा फटका जास्त खर्चतो, पण पोचतो. मुरलेला खेळाडू खड्ड्यालगतची वाट धरतो, कारण तेथून पुढचा फटका सोपा जातो. अ‍ॅलिस्टर मॅकेंझी या मूळच्या डॉक्टर असलेल्या आराखडाकाराने १९२० साली ‘गोल्फ आर्किटेक्चर’ या पुस्तकात हेच सूत्र मांडले: फटके कितीही वाढोत, नवख्यालाही फेरीचा आनंद मिळाला पाहिजे.

अरुंद पट्टे आखून, पाण्यावरून सक्तीचा फटका मारायला लावून मैदानाचा दर्जा वाढतो, ही समजूत साहित्याच्या अध्यापकांना अनोळखी नाही. दुर्बोधतेलाच खोली मानणारे आपल्यातही आहेत. आणि सर्वांसाठी म्हणजे सपाट, असे मानणारेही. चांगली संहिता प्रथम वाचणाऱ्याला वाट देते आणि दहाव्यांदा वाचणाऱ्यासाठी जोखीम राखून ठेवते.

सणसरच्या मुक्कामानंतर तुकोबांची पालखी बेलवाडीच्या गोल रिंगणात येते. पताकावाले, तुळशीवाल्या, विणेकरी आपापल्या वेगाने धावतात. अश्वाचा वेग वेगळाच. वर्तुळ मात्र एकच असते आणि त्यात कोणी उपरा नसतो.

नीरा डाव्या कालव्याच्या या पट्ट्यात पाण्याच्या पाळीचे मोल कोणाला सांगावे लागत नाही. गोल्फची हिरवळ पाणी पिते, जमीन अडवते. सार्वजनिक संस्थेने ती राखायची, तर मूठभर निष्णातांची परीक्षा घेण्यासाठी राखू नये. पहिल्यांदा काठी हाती धरणाऱ्यालाही जिथे अठराव्या खळीपर्यंत आपल्या चालीने जाता येते, त्याच मैदानावर सार्वजनिक पाणी खर्चण्याचे समर्थन करता येईल.