दोन शेड उजळ

फोटोसाठी नवरीला गोरं करायचं हा प्रकार मला अजिबात मान्य नाही. पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण आमच्यातली काही मंडळी हा ब्लॉग निम्मा वाचतात आणि मग फोन करून "मावशी, तुझं नक्की म्हणणं काय?" असं विचारतात.

तर म्हणणं हे. भाचीच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. विधींचे फोटो वेगळे आणि त्याआधी नटूनथटून एकटीचे काढायचे ते वेगळे. त्यासाठी दोन तास राखून ठेवलेत. माझी त्याला ना नाही. माझ्या लग्नात (१९७३) माझे एकटीचे दोनच फोटो निघाले आणि त्यातल्या एकात माझे डोळे मिटलेले आहेत. हौस जरूर करावी. पण त्या दोन तासांसाठी तीन महिने आधीपासून जी 'तयारी' चाललीय, ती बघून माझं डोकं फिरलं. पार्लरमधून पोरीला एक डबी मिळालीय. डबीवर ना कंपनीचं नाव, ना आत काय आहे ते. रोज रात्री लावायची, म्हणजे लग्नापर्यंत "दोन शेड उजळ" होणार. पोरगी सावळी आहे, चांगली तुकतुकीत सावळी. घरात कुणाला तो दोष वाटत नाही म्हणे, फक्त फोटोत बरं दिसावं एवढंच!

बिननावाच्या डबीत काय असू शकतं ते ऐका. पारा असू शकतो. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तो तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. मग तोच पारा त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंडं बिघडवतो. केरळमध्ये २०२१ ते २०२३ या काळात डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विकाराचे बावीस रुग्ण तपासले. त्यातले पंधरा एका विशिष्ट प्रकारचे निघाले आणि त्या पंधरांपैकी तेरा जण गोरं करणारी क्रीमं लावत होते. चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला आपल्याकडे कायद्याने मनाई आहे, पण कायदा छापील डबीला धरू शकतो, कोऱ्या डबीला कुठे धरणार? पारा नसला तर स्टेरॉइड असेल. त्याने महिनाभर चेहरा काचेसारखा दिसतो, मग त्वचा पातळ होते, पुरळ येतं, लव वाढते. आणि थांबवलं की चेहरा लालभडक. लग्नाच्या आठवड्यात हे झालं तर काय करणार?

"पण मावशी, सावळ्या मुलींचे फोटो काळपट येतात." हे भाचीचं वाक्य, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला. तीसेक वर्षं मी शाळेच्या वार्षिक फोटोत वर्गाबरोबर उभी राहिलेय. पांढरे सदरे, मागे चुन्याची भिंत, वर रणरणतं ऊन. सावळ्या पोरांचे नुसते डोळे आणि दात दिसायचे. पोरं एकमेकांना चिडवायची. दोष पोरांचा नव्हता हो! कॅमेऱ्याचं मोजमाप उजेडाचं असतं. समोर पांढऱ्याचा पसारा असला की तो सगळंच चित्र अंधारं करून टाकतो. मोजमाप चेहऱ्यावरून घ्यायचं, उजेड चेहऱ्यावर आणायचा, हे फोटोग्राफरचं काम आहे. त्याचेच आपण त्याला पैसे देतो ना? मग त्याच्या कामाची भरपाई पोरीच्या कातडीने का करायची?

आमच्या वेळी सगळं सोज्वळ होतं असं मी म्हणणार नाही. स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरा साफ करायचे, आणि 'दाखवायला' जाणाऱ्या मुलीला पावडर थापूनच फोटोला बसवायचे. पण ती पावडर संध्याकाळी धुतली जायची. पुढे १९७५ साली आलेल्या त्या प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढला. नाव बदललं, आपल्या घरांतली भाषा मात्र तीच. आता 'गोरी' म्हणत नाहीत, 'ग्लो' म्हणतात.

गेल्या वर्षी एका लग्नाचा अल्बम पाहिला. नवरीने हिरवा चुडा दाखवायला हात हनुवटीजवळ धरलेला. चेहरा एका मुलीचा आणि हात दुसरीचा वाटत होता. मेकअपवाली गळ्यापर्यंतच पोचली असावी!

तेव्हा भाचीबाई, डबी फेकून दे, आणि इतके दिवस लावलंय तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून घे. मेकअपची एकदा चाचणी करा आणि तो खिडकीच्या उजेडात, मान-हातांशी जुळतो का ते बघा. फ्लॅश वापरणार असतील तर उन्हापासून वाचवणारं क्रीम खाली लावू नका, काही क्रीमांनी चेहरा पांढराफटक उमटतो. फोटोग्राफरला आधीच बजावून ठेवा की कॉम्प्युटरवर रंग उजळायचा नाही. आणि पोरीला सकाळी पोटभर खायला घाला, उपाशी चेहरा कुठल्याच उजेडात चांगला येत नाही.

माझ्या आईची नथ तिला मी घालायला देणार आहे. तार जुनी आहे, या आठवड्यात सोनाराकडे जाऊन बदलून आणते.