गोळीही हवी, गाणेही हवे

गुडघा बदलून घेतलेल्या रुग्णाचा कस लागतो तो भूल पूर्ण उतरल्यावर. पहिले दोन-तीन दिवस ठणका जबर असतो आणि नेमके तेव्हाच फिजिओथेरपिस्ट येऊन पाय वाकवायला सांगतात. वाकवला नाही तर सांधा आखडतो, मग नवा गुडघा असूनही जिना चढवत नाही. दुखते म्हणून पडून राहण्याची सोयच नाही. अशा वेळी गाणी, गप्पा, जप, शब्दकोडी यांनी लक्ष दुसरीकडे वळवण्यात तथ्य आहे, की ही केवळ मनाची समजूत?

तथ्य आहे. वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच अडवले किंवा पुढे सोडले जातात, असा सिद्धांत रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडला. 2012 मध्ये हॅम्बुर्गच्या संशोधकांनी निरोगी माणसांना अवघड स्मरणकोडी घातली, तेव्हा मज्जारज्जूतील वेदनेचा प्रतिसाद खरोखरच मंदावलेला स्कॅनमध्ये दिसला. संगीताबद्दल 2015 मध्ये ‘लॅन्सेट’ने सत्तरहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. शस्त्रक्रिया निरनिराळ्या होत्या, पण संगीत ऐकणाऱ्यांच्या वेदना, धास्ती आणि वेदनाशामकांची गरज, तिन्ही कमी होती.

मन गुंतेल असेच काम मात्र हवे. टीव्ही नुसता चालू ठेवून भागत नाही. पलंगावर टाच घसरवत गुडघा वाकवायचा असतो, तेव्हा प्रत्येक वेळी नजर टाक्यांवर जाते, श्वास रोखला जातो, मांडी ताठ होते. त्याच वेळी फिजिओने आजींना पुरणपोळीची कृती विचारावी. डाळ किती, गूळ किती, पुरण कधी वाटायचे हे सांगता सांगता श्वास मोकळा होतो आणि पाय चार अंशांनी जास्त वाकून जातो. ज्याला नाट्यसंगीत प्रिय त्याला ते लावावे, ज्याला क्रिकेट त्याच्याशी जुन्या सामन्यांवर वाद घालावा. यात खर्च जवळजवळ शून्य. उलट वेदनाशामकांची किंमत शरीर मोजते: काही गोळ्या म्हाताऱ्या मूत्रपिंडाला जड जातात, ट्रॅमाडॉलसारख्यांनी मळमळ, बद्धकोष्ठ, गुंगी येते आणि गुंगीत तोल जाण्याची भीती असतेच.

तरीही एका आक्षेपाकडे काणाडोळा करता येणार नाही, आणि तो आमच्या मते फार गंभीर आहे. आपल्याकडे सोसण्याचे कौतुक आहे, विशेषतः बायकांच्या सोसण्याचे. रात्री दोन वाजता कळ येते, आजी घंटी दाबतात आणि उत्तर मिळते, “नाव घ्या देवाचं, थोडं दुखणारच.” हा उपचार नव्हे, ही हेळसांड आहे. मन रमवण्याचा फायदा मन रमलेले असेपर्यंतच टिकतो. पहाटेच्या ठणक्यावर तो पुरा पडत नाही. शिवाय काही दुखणी विसरून चालत नाहीत. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला, जखमेतून स्राव वाहू लागला, तर गाणे थांबवून डॉक्टरांना बोलवायलाच हवे. पोटरीतल्या गाठीचे किंवा जंतुसंसर्गाचे ते लक्षण असू शकते. आणि वॉकर धरून चालताना कानात इयरफोन नकोत. तिथे लक्ष पावलांवरच हवे.

म्हणून आमचा कौल असा: ठरलेल्या वेळेची गोळी आधी, तिच्या जोडीला मन रमवणे. व्यायाम, पट्टी बदलणे, झोप लागण्याआधीचा तास या तिन्ही वेळी त्याला हक्काची जागा द्यावी. गोळी टाळण्याचे किंवा लांबवण्याचे निमित्त म्हणून ते कधीही वापरू नये.

रुग्णालयांनी दाखल करतानाच रुग्णाला काय आवडते हे केसपेपरवर लिहून ठेवावे आणि शून्य ते दहामध्ये दुखणे किती, हे गाण्यानंतरही विचारावे. नातेवाईकांनो, फळांची पिशवी घेऊन जालच. सोबत आवडीची गाणी भरलेला फोनही न्या. आणि रुग्णाने “दुखतंय” म्हटले, की आधी त्यावर विश्वास ठेवा.